दोघांचं गणित सुटतं, तिघांचं अडतं… मग कोट्यवधींचं काय?

सेवाग्रामहून मी पुन्हा तुमच्या कानात. आणि ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांचा नेटपॅक संपलाय, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना मध्ये मध्ये येणारं "अं… म्हणजे… काय म्हणतात ते" काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. इथे वर्ध्याकडेच नर्सिंग शिकणाऱ्या एका ताईने पाठवली होती. ती म्हणते, "दादा, एमआरआय मशीनमधल्या तारेला एकदा करंट दिला की तो वर्षानुवर्षं फिरत राहते म्हणतात. तिला थंड ठेवायला हेलियम लागते. पण असं काऊन होते हे विचारलं की सगळे एकच शब्द सांगतात, क्वांटम. शास्त्रज्ञांजवळ समीकरण आहे ना? मंग त्यात आकडे टाकले की उत्तर आलं, असं नाही होत का?"

ताई, नाही होत. समीकरण आहे, आणि ते बरोबर आहे याबद्दल फारशी शंका नाही. श्रोडिंगरने ते १९२६ मध्ये मांडलं. तीनच वर्षांनी पॉल डिरॅकने लिहून ठेवलं की भौतिकशास्त्राचा बराच भाग आणि सगळं रसायनशास्त्र यांना लागणारे मूळ नियम आता आपल्याला माहीत झालेत, अडचण एवढीच की त्यातून निघणारी समीकरणं सोडवता येत नाहीत. ही "एवढीच" अडचण जवळपास शंभर वर्षं टिकून आहे. ती कुठे सुरू होते आणि कुठे जाऊन पोचते, ते आज आपण एक-दोन-तीन असं मोजत बघू.

दोघं: हायड्रोजन

हायड्रोजनच्या अणूत दोनच भिडू असतात. मधे प्रोटॉन, बाहेर इलेक्ट्रॉन. दोघांचं गणित नेहमी सुटतं, कारण त्यात एक सोय आहे. दोघांचा मिळून एक मध्यबिंदू काढायचा, आणि मग उरतं ते फक्त दोघांमधलं अंतर. म्हणजे दोघांचा प्रश्न खरं तर एकाचाच प्रश्न होतो. कागद-पेन घेऊन पूर्ण उत्तर निघतं. हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन उपटून काढायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, आणि समीकरणातूनही तेवढेच येतात. इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे अणूंच्या दुनियेतलं ऊर्जा मोजायचं माप, किलो-लिटरसारखंच.

तिघं: हेलियम

आता एमआरआयमधलं ते हेलियम. त्याचं महाराष्ट्राशी एक नातं आहे. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं आणि त्याचा पट्टा आपल्या विजयदुर्गावरून गेला. किल्ल्यावर आजही "साहेबाचे कट्टे" दाखवतात आणि १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो. हेलियमच्या शोधात ज्याचं नाव येतं तो नॉर्मन लॉकियर त्या ग्रहणाला इंग्लंडमध्येच होता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन आंध्रातल्या गुंटूरला आला होता. लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेघ बघितली. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून नाव पडलं हेलियम. पृथ्वीवर ते प्रयोगशाळेत हाती आलं १८९५ मध्ये, विल्यम रॅमसेच्या.

पदार्थ सापडला, पण त्याच्या अणूचं गणित जुळेना. बोरने १९१३ मध्ये हायड्रोजन समजावून सांगितला होता. तीच रीत हेलियमला लावली तर उत्तर चुकायचं. कारण इथे भिडू तीन: मधे अणुकेंद्र, बाहेर दोन इलेक्ट्रॉन. केंद्र दोघांनाही ओढतं, आणि हे दोघे एकमेकांना ढकलतात. ही ढकलाढकलच सगळी गंमत बिघडवते. पहिला कुठे जाईल हे दुसरा कुठे आहे यावर, आणि दुसरा कुठे जाईल हे पहिल्यावर. "आधी तू" "नाही, आधी तू" असं चालू राहतं.

आकडेच बघा. हेलियममधले दोन्ही इलेक्ट्रॉन काढून टाकायला प्रयोगात साधारण ७९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. ढकलाढकल विसरून गणित केलं तर उत्तर येतं १०८.८. केवढी चूक! ढकलाढकल सरासरीने धरली तर ७४.८. "एक इलेक्ट्रॉन दुसऱ्यासाठी केंद्राला थोडं झाकतो" हे जमेस धरलं तर ७७.५. जवळ आलो, पण पोचलो नाही. मग १९२९ च्या सुमाराला नॉर्वेच्या एगिल हिलेरासने दोन इलेक्ट्रॉनांमधलं अंतर हीच राशी सरळ गणितात घातली. म्हणजे दोघांची वेगवेगळी चौकशी न करता त्यांच्या नात्याचीच चौकशी केली. गणनयंत्रावर राबून त्याने ७९ गाठले.

आज संगणकावर हे उत्तर ३५ हून जास्त अंकांपर्यंत काढलेलं आहे. पण लक्षात घ्या, हायड्रोजनसारखं एका ओळीचं सूत्र हेलियमला नाही. आपण उत्तराच्या हवं तेवढं जवळ जाऊ शकतो, एवढंच.

तिघांची वेणी

तिघांच्या प्रश्नात फक्त त्रासच असतो असं नाही. कधी कधी तिघांना असं काही जमतं जे दोघांना जमतच नाही.

वेणी घालताना बघा. दोन पेड एकमेकांवर नुसते टाकले तर सुटून येतात. तीन पेड घेतले की वेणी बसते. आणि तिन्हीतला एक पेड काढून घेतला तर उरलेले दोनही मोकळे होतात. १९७० मध्ये विताली एफिमोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं की अणूंचंही असं होऊ शकतं. दोन अणूंमधली ओढ जोडी टिकवायला किंचित कमी पडते, तरीही तसेच तीन अणू एकत्र बांधलेले राहू शकतात. आणि अशा त्रिकुटांची एक माळच असते, प्रत्येक पुढचं त्रिकुट आधीच्यापेक्षा २२.७ पट मोठं.

बऱ्याच जणांना हे पटलं नव्हतं. प्रयोगात खूण सापडायला ३५ वर्षं गेली. २००६ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या गटाने अतिथंड सीझियम अणूंच्या वायूत ती दाखवली.

म्हणजे "दोघांचं समजलं की तिघांचं आपोआप समजेल" हे तिसऱ्याच पायरीवर खोटं ठरलं.

तुमच्या फोनमध्ये किती इलेक्ट्रॉन मावतात?

आता भिडू वाढवू. तुम्ही म्हणाल, संगणक आहेत की! ठीक आहे, तुमचा फोन काढा. धरून चालू की रॅम ८ जीबी आहे.

इलेक्ट्रॉनची एकच गोष्ट बघू, त्याचा स्पिन. तो मोजला की "वर" किंवा "खाली" असा मिळतो. साध्या नाण्यांची गोष्ट असती तर २९ नाण्यांसाठी २९ नोंदी पुरल्या असत्या, हे छाप, ते काटा. पण क्वांटममध्ये सगळे पर्याय एकाच वेळी जमेस असतात आणि प्रत्येक पर्यायाला स्वतःचा एक आकडा असतो. दोन इलेक्ट्रॉन असतील तर ४ आकडे, तीन असतील तर ८, चार असतील तर १६. प्रत्येक नव्या इलेक्ट्रॉनला दुप्पट.

एक आकडा ठेवायला १६ बाइट धरा. २९ इलेक्ट्रॉन झाले की तुमची ८ जीबी रॅम काठोकाठ भरली. व्हॉट्सअ‍ॅपलाही जागा नाही. तिसावा आला की १६ जीबीचा फोन घ्या. ४० ला १६ हजार जीबी. ५० ला दीड कोटी जीबीहून जास्त. आणि ३०० इलेक्ट्रॉनांसाठी जेवढे आकडे लागतील तेवढे अणू दिसणाऱ्या अख्ख्या विश्वात नाहीत.

एमआरआयमधल्या तारेच्या एका ग्रॅममध्ये अणू किती असतात? १ वर २१ शून्यं, त्याच्याही काही पट. त्यामुळे ताई, "आकडे टाकले की उत्तर आलं" हे इथे संपतं. मोठा संगणक आणून हे सुटत नाही. रिचर्ड फाइनमनने १९८१ मध्ये सुचवलं होतं की निसर्ग क्वांटम आहे तर नक्कल करणारं यंत्रही क्वांटमच हवं. क्वांटम कॉम्प्युटरच्या बातम्या येतात त्यामागचं एक मोठं कारण हेच.

सूत आणि पेळू

मग काय करायचं? हात टेकायचे? नाही. प्रश्न बदलायचा.

सेवाग्रामला आलात तर आश्रमात चरख्यावर सूत कातताना बघायला मिळेल. कापसाचा एक तंतू हातात घ्या. लांबी अडीच-तीन सेंटिमीटर, बोटाने ओढला की तुटतो. त्या एका तंतूचा कितीही बारीक अभ्यास करा, त्यात मीटरभर लांब, ओढ सोसणारं सूत कुठेच दिसणार नाही. पेळूतून तंतू ओढले, चातीवर पीळ बसला, तंतू एकमेकांना दाबून धरायला लागले, की सूत तयार. पीळ उलगडा, परत नुसता कापूस. सुताचं बळ तंतूंच्या एकमेकांना धरून ठेवण्यात आहे.

भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसनने १९७२ मध्ये याच विचारावर एक गाजलेला लेख लिहिला. त्याचं म्हणणं असं की संख्या वाढली की नुसती बेरीज होत नाही, वागण्याचे नवे नियम उभे राहतात, आणि ते नवे नियम शोधणं हे मूळ नियम शोधण्याइतकंच मूलभूत काम आहे.

याचा पुरावा पुन्हा हेलियमच. एका अणूचं उत्तर ३५ अंकांपर्यंत माहीत आहे ना? आता असंख्य अणू एकत्र घेऊन द्रव करा आणि २.१७ केल्विनच्या खाली न्या, म्हणजे साधारण उणे २७१ अंश सेल्सिअस. हे हेलियम घर्षणाशिवाय वाहायला लागतं. भांड्यात ठेवलं तर पातळ थर होऊन भिंतीवर चढतं आणि बाहेर गळतं. हे १९३८ मध्ये प्रयोगात स्पष्ट झालं. अणूकेंद्रातला एक न्यूट्रॉन कमी असलेला हेलियम-३ घ्या, तर तोच प्रकार व्हायला त्याला जवळपास हजारपट जास्त थंड करावं लागतं. एका अणूच्या त्या ३५ अंकांत यातलं काहीच वाचता येत नाही.

अशा गर्दीचा हिशोब करायची एक युक्ती अशी. लग्नाच्या मांडवात नवरदेव एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निघाला की काय होतं? कोणी हात मिळवतो, कोणी फोटो काढतो, भोवती घोळका होतो, चाल मंदावते. मांडवातल्या प्रत्येकाचा हिशोब ठेवण्यापेक्षा "नवरदेव आणि त्याचा घोळका" हाच एक भिडू धरा, जरा जड, जरा हळू. लेव्ह लँडाऊने १९५६ च्या सुमाराला हीच कल्पना मांडली. धातूतल्या इलेक्ट्रॉनचाही असा घोळक्यासकटचा भिडू करता येतो, त्याला क्वासिपार्टिकल म्हणतात. कोट्यवधी गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांऐवजी जवळपास सुटे सुटे भिडू मिळतात. मग गणित आवाक्यात येतं.

तारेतला न थांबणारा करंट

आता ताईच्या तारेकडे. १९११ मध्ये कामरलिंग ओनेसने पारा द्रव हेलियमने थंड केला आणि ४.२ केल्विनच्या आसपास त्याचा विद्युतरोध एकदम गायब झाला. याला म्हणतात अतिवाहकता, सुपरकंडक्टिव्हिटी. पण का? आइन्स्टाइन, हायझेनबर्ग, फाइनमन, सगळ्यांनी प्रयत्न केले. उत्तर मिळालं १९५७ मध्ये, बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांना. म्हणजे ४६ वर्षांनी! क्वांटमचं समीकरण हातात येऊनही तीस वर्षं उलटून गेली होती.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. इलेक्ट्रॉन धातूतून जाताना आजूबाजूच्या धन अणूंना जरा ओढून घेतो. ते लगेच जागेवर परतत नाहीत, म्हणून मागे एक खळगा राहतो, नव्या कापसाच्या गादीवर कोणी बसून उठल्यावर राहतो तसा. मागून येणारा दुसरा इलेक्ट्रॉन त्या खळग्याकडे ओढला जातो. एकमेकांना ढकलणाऱ्यांची अशी जोडी जमते.

पण खरी मेख पुढे आहे. एवढी क्षीण ओढ मोकळ्या जागेतल्या दोनच इलेक्ट्रॉनांची जोडी बांधू शकली नसती. बाकीच्या इलेक्ट्रॉनांची गर्दी आहे, तिने खालच्या सगळ्या जागा अडवल्यात, म्हणून ही जोडी जमते. एका जोडीच्या पसाऱ्यात इतर लाखो जोड्याही असतात. त्यामुळे सगळ्या मिळून एका तालात चालतात, आणि एकट्या इलेक्ट्रॉनला धडकवून थांबवावं तसं यांना थांबवता येत नाही. म्हणून तो करंट फिरत राहतो.

मुंबईतला बिस्मथ

आता वाटेल, चला, १९५७ मध्ये सुटलं. तर नाही.

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, टीआयएफआर. तिथे एस. रामकृष्णन यांच्या गटाने शुद्ध बिस्मथचा स्फटिक घेतला. हा तोच बिस्मथ, ज्याची संयुगं पोटाच्या अल्सरच्या काही औषधांत असतात. बिस्मथमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन फार कमी, साधारण एक लाख अणूंमागे एक. १९५७ च्या सिद्धांताला जोड्या जमवायला गर्दी लागते. इथे गर्दीच नाही. त्या हिशोबाने बिस्मथने प्रयोगात गाठता येईल अशा तापमानाला अतिवाहक व्हायलाच नको होतं.

तो झाला. ०.५३ मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या साधारण दोन हजाराव्या भागावर. ही अतिवाहकता इतकी नाजूक की पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या काही हिश्श्यानेही मोडते, म्हणून नमुना पृथ्वीपासूनसुद्धा झाकावा लागतो. हे काम २०१७ च्या जानेवारीत 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं. जुन्या सिद्धांतात एक गृहीतक असतं की इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेपुढे अणूंच्या थरथरीची ऊर्जा अगदीच किरकोळ आहे. बिस्मथमध्ये दोन्ही जवळ जवळ येतात आणि ते गृहीतकच डळमळतं.

असं आणखी एक मोठं कोडं आहे. १९८६ मध्ये तांब्याच्या ऑक्साइडची अशी संयुगं सापडली, ज्यांतली काही पुढे द्रव नायट्रोजनच्या तापमानालाही अतिवाहक निघाली. का, यावर आजही सगळ्यांचं एकमत नाही. आणि याचा संबंध थेट तुमच्या-माझ्या तालुक्याशी आहे. आपला देश हेलियम आयात करतो. जुन्या पद्धतीच्या एमआरआय मशीनला ते हजार लिटरहून जास्त लागतं. कुठला पदार्थ कमी थंडीत अतिवाहक होईल हे आधीच गणिताने सांगता आलं, आणि त्याची तार ओढता आली, तर हे मशीन हेलियमवर अवलंबून राहणार नाही. मग ते छोट्या गावातल्या दवाखान्यापर्यंत नेणंही सोपं होईल.

आणि मुळातला तो प्रोटॉन

जाता जाता एक. सुरुवातीला मी म्हणालो, हायड्रोजनमध्ये दोनच भिडू. तो प्रोटॉन एक धरला होता. प्रोटॉनच्या आत तीन क्वार्क असतात म्हणून शाळेत शिकवतात. त्या तिघांची वस्तुमानं मिळवली तर प्रोटॉनच्या वस्तुमानाचा जेमतेम १ टक्का भरतो. उरलेलं येतं त्यांना बांधून ठेवणाऱ्या क्षेत्राच्या आणि आतल्या हालचालीच्या ऊर्जेतून. तिथे कण सतत तयार होतात आणि नाहीसे होतात, त्यामुळे "किती भिडू?" या प्रश्नालाच ठरलेलं उत्तर नाही. हे क्षेत्र सिद्धांताचं जग. इथे अवकाश आणि काळ यांची जाळी आखून महासंगणकावर गणित करतात. २००८ मध्ये अशा गणितातून प्रोटॉनचं वस्तुमान काही टक्क्यांच्या आत बरोबर आलं. टीआयएफआरमध्येही अशी जाळीवरची गणितं करणारे लोक आहेत.

तर ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. समीकरण आहे, पण ते एकेकट्या भिडूचे नियम सांगतं. तीन आले की घाम काढतं, तीस आले की फोन भरतं, आणि तारेतल्या गर्दीसाठी आपल्याला आधी हे ओळखावं लागतं की खरा भिडू कोण: इलेक्ट्रॉन, जोडी, की अख्खा घोळका. ते ओळखायचं सूत्र कुठल्याच पुस्तकात तयार नाही. तारेसाठी ४६ वर्षं लागली, बिस्मथसाठी शोध चालू आहे. पुढच्या वेळी कोणी नुसतं "क्वांटम" म्हणून गप्प केलं, तर त्याला विचार, "दोघांचं की गर्दीचं?"

तुमचेही असे "काऊन" व्हॉइस नोटवर पाठवा. एका मिनिटाच्या आत बोला, मागे पंखा बंद ठेवा. पुढच्या भागात भेटूच. रामराम!